एकशेसोळा घोड्यांचे धनी

अमेरिकेत स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत. पहिल्याला ती परवडते. दुसऱ्याला तिचे हप्ते परवडतात. या दोघांसमोर गाडीबद्दल चकार शब्द काढू नये. काढलात तर आकडे अंगावर येतात. पाचशे हॉर्सपॉवर, साडेतीन सेकंदांत साठ मैल आणि तुम्ही न विचारलेली किंमत. तिसरा प्रकार मियाटावाल्याचा. आकडा तोही सांगतो, आणि तितकीच छाती फुगवून सांगतो: "एकशेसोळा!" ऐकणारा थांबतो. पुढे अजून काही असेल असं त्याला वाटतं. पुढे काही नसतं.

मियाटा म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५. दोन माणसांची, कापडी टपाची, फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये जगापुढे आलेली. जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली, अमेरिकेत मियाटा म्हणून. १९९७पर्यंत चाललेल्या पहिल्या अवतारात बॉनेटमधून टपकन वर येणारे दिवे होते. नंतरच्या अवतारांत ते कायमचे काचेआड गेले आणि तिथून पुढचा इतिहास खरा भक्त वाचत नाही.

ही जात जगभर आढळते. माझ्या डोळ्यांसमोरचा नमुना मात्र न्यू जर्सीतला, मूळचा वाईचा. वय साठीच्या पलीकडे, उंची पाच फूट चार इंच, डोक्यावर केस नाहीत म्हणून टोपी. आमच्या वस्तीतली मराठी पोरं झाडून सगळ्या वडीलधाऱ्यांना काका म्हणतात, त्यामुळे नेमके कुठले काका हे कळायला पुढे काहीतरी जोडावं लागतं. एक योगाकाका आहेत, एक इन्शुरन्सकाका आहेत आणि हे मियाटाकाका. काकांना हे नाव ठाऊक आहे. एका वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीवर त्यांनी स्वतःच ते घातलं होतं.

काकांची गाडी १९९०ची, लाल. हा लाल रंग उन्हानं गुलाबी पडत जातो, म्हणून काका दर पंधरवड्याला तो घासून परत लाल करतात. गाडीत काय काय आहे हे काका सांगत नाहीत, काय काय नाही ते सांगतात.

"मागची सीट?"

"नाही."

"टप उघडायला बटण?"

"हात दिलेत की देवानं."

"कॉफीचा कप कुठं ठेवायचा?"

"गाडी चालवायची का कॉफी प्यायची? एक काय ते ठरव."

प्रत्येक नकारागणिक काका अर्धा इंच उंच होतात. श्रीमंतीचा माज उतरवता येतो, कुणीतरी अधिक श्रीमंत भेटतोच. साधेपणाचा माज उतरवायचा कसा? त्याच्याहून कमी असलेला माणूस शोधून आणावा लागेल, आणि तो आलाच तर काका त्याला मिठी मारतील. काकूंची रोजची गाडी म्हणजे होंडाची ओडिसी व्हॅन. तिची ताकद २८० हॉर्सपॉवर. सिग्नल हिरवा झाला की तांदळाची पोती, नातवंडाची सीट आणि भजनी मंडळाच्या चार बायका घेऊन ती व्हॅन मियाटाला सहज मागे टाकते. काकांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. "वेग काय, कुणीही विकत घेतं," ते म्हणतात. "हळू गाडी जोरात हाकण्यात मजा आहे."

वाक्य त्यांचं नाही. ते या साऱ्या पंथाचंच आहे. पण काका ते असं म्हणतात की वाईच्या घाटावर बसून त्यांना स्वतःलाच सुचलं असावं.

एवढं असूनही घोड्यांचा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो. १९९४ साली कंपनीनं या गाडीत १.६ लिटरच्या जागी १.८ लिटरचं इंजिन घातलं आणि अमेरिकेत ताकद १२८ हॉर्सपॉवरवर गेली. त्या जादा बारा घोड्यांवर काकांचा विशेष राग. "वन पॉइंट सिक्स कसं मोकळं फिरतं! जड झाली रे ती नंतरची. बारा घोडे वाढवले ते नुसते खायला काळ अन् भुईला भार."

कुणाकडेही सत्यनारायण असला, की पाच अध्याय संपून प्रसादाचा द्रोण हातात पडेपर्यंत काकांचा सहावा अध्याय सुरू झालेला असतो. श्रोते ठरलेले: एखादा नवा जावई, सुट्टीवर आलेले कुणाचे तरी सासरे आणि दक्षिणा हातात पडेपर्यंत हलता न येणारे गुरुजी.

"इंग्रज काय सुंदर टू-सीटर करायचे म्हणून सांगू! एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान. खोड एकच. तेल गळायचं, अन् पावसाचा थेंब पडला की वायरिंग रुसायचं. १९८० साली एमजीबी बंद पडली. म्हणजे उत्पादन बंद पडलं. गाडी आधीपासून पडतच होती."

इथं काका हसण्यासाठी जागा सोडतात. सासरे हसतात, कारण ते पाहुणे आहेत.

"तेव्हा बॉब हॉल नावाचा एक अमेरिकन मोटार-पत्रकार होता. त्याची गाठ पडली केनिची यामामोतोंशी. रोटरी इंजिन माझदात ज्यांनी उभं केलं, ते यामामोतो. पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. हा त्यांना म्हणाला, तुम्ही साधी, हलकी, उघड्या टपाची गाडी का करत नाही? इंग्रजांसारखी, पण न गळणारी! आपण कुणाला असा फुकटचा सल्ला दिला तर काय होतं? चहा मिळतो. हॉलला पुढे माझदातच नोकरी मिळाली."

"कर्माचं फळ," गुरुजी म्हणतात. त्यांचं लक्ष यजमानांच्या खिशाकडे असतं.

"अहो, ऐका तर. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला त्यांचं डिझाइनचं ऑफिस. तिथं त्सुतोमु मातानो आणि त्यांची माणसं, तिकडं हिरोशिमाला मुख्य इंजिनिअर तोशिहिको हिराई. चालता नमुना कुठं बांधला? इंग्लंडात, वर्दिंगला! १९८५ साली सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून बघितला, तर लोक थांबवून विचारायला लागले, कुठं मिळते म्हणून. बॉनेट ॲल्युमिनियमचं. का? वजन! सगळी मिळून हजार किलोच्या आत. सायलेन्सरचा आवाज कसा असावा हे ठरवायला जुन्या गाड्यांचे आवाज टेप लावून ऐकले त्यांनी. आणि अमेरिकेत किंमत किती ठेवली? तेरा हजार आठशे डॉलर! घोडा आणि स्वार एक झाले पाहिजेत, हे हिराईंचं सूत्र."

"ॲव्हरेज किती देते?" गुरुजी विचारतात.

सहावा अध्याय तिथं संपतो. शिऱ्यावर तोवर तुपाचा थर गोठलेला असतो.

यात काका थापा मारत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार म्हणून २००० साली गिनीज बुकानं हिची नोंद घेतली आणि एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात हिचा मागचा दिवा आहे. हे कळल्यापासून काका मागून कुणी ठोकेल म्हणून धास्तावलेले असतात. "ठोक, पण पुढून ठोक," असं ते आरशात बघून मागच्याला सांगतात.

काकांचं गाडीवरचं प्रेम किती खरं आहे हे टप उतरवताना कळतं. कंपनीच्या मते हे काम एका हातानं, सीटवर बसल्या बसल्या होतं. होतंही. पण काका आधी बाहेर येतात. मागच्या प्लॅस्टिकच्या काचेला अर्धवर्तुळाकार चेन असते, ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये न थांबता, तोंडानं बारीक "हं... हं..." करत उघडतात. मग ती काच दोन्ही तळव्यांवर झेलून मागे सपाट निजवतात. चेन न उघडता टप पाडला की काचेला घडी पडते आणि एकदा पडलेली घडी जन्माची. मग आत बसून समोरच्या काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या, टप मागे लोटायचा, आणि शेवटी तो नीट बसला का हे बघायला पुन्हा बाहेर यायचं. तोवर ऊन गेलेलं असतं.

थंडीत ही काच कडक होते आणि दुमडली तर तडकते. म्हणून काकांनी एक हेअर ड्रायर आणला. डोक्यावर एकही केस नसलेला माणूस दुकानात तीन ड्रायर सुरू करून तळहातावर वारा घेऊन बघतोय, हे दृश्य आमच्या वस्तीतल्या एका बाईंनी बघितलं आणि ते संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं. या गाडीला अमेरिकेत आणि इंग्लंडात 'हेअरड्रेसरची गाडी' म्हणून चिडवतात. ऑफिसातल्या एका जाड्या गाडीवाल्यानं काकांना तसं म्हटलं, तेव्हा काकांनी फक्त टोपी काढून दाखवली.

पानगळीत न्यू जर्सीचे लोक गाड्या काढून रंगीत झाडं बघायला जातात. काकांना प्रत्येक पान शत्रू दिसतं. टपावरचं पाणी वाहून जायला सीटच्या मागे दोन्ही अंगांना भोकं ठेवलेली असतात. त्यात पान अडकलं की पाणी तुंबतं, गालिचा भिजतो आणि दाराखालचा पत्रा आतून कुजायला लागतो. लोक मेपलच्या झाडाखाली फोटो काढत असतात, तेव्हा काका सीटमागे डोकं घालून एक लांब लवचीक तार त्या भोकात फिरवत असतात. वर राहतात फक्त त्यांचे बूट. कुणी हाक मारली तर आतून आवाज येतो, "आलोच, डावी बाजू राहिलीय."

पुढे रस्त्यावर मीठ पडलं की गाडी गॅरेजात जाते ती वसंतातच बाहेर येते. बर्फ ओडिसीवर पडतं. गॅरेजात वर छताला कप्पी लावून काकांनी गाडीचा कडक टप टांगलाय. जुन्या गाडीच्या मानानं या टपाची किंमत अवाच्या सवा असते, म्हणून तो विकायचा नसतो. चढवायला-उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून तो बसवायचाही नसतो. काकू त्याच्याखालून जाताना मान लववतात. "देवघरासमोर नाही वाकावं लागत मला एवढं," असं त्या म्हणतात.

तरी काकूंचा विरोध कधी गाडीला नव्हता, तो काकांच्या गणिताला होता. वाणसामान आणायला काका हटकून मियाटा काढत. डिकीत सुटं चाक आणि बॅटरी आधीच वस्तीला. उरलेल्या जागेत कोथिंबीर आणि कढीपत्ता राहायचा. वीस पौंडांची तांदळाची थैली शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. मग काकू कुठं? काकू मागून ओडिसी घेऊन. "दोन गाड्या गेल्या, दोन आल्या, अन् हे म्हणतात मियाटा पेट्रोल कमी खाते."

या साऱ्याचं चीज झालं ते एका गणेश चतुर्थीला. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानातून मूर्ती आणायची होती. काकांनी आदल्या रात्री टप उतरवला, शेजारच्या सीटवर पाट बांधला, पाटावर लाल कापड घातलं आणि सकाळी बाप्पा पट्टा लावून त्यात विराजमान झाले. काका पंचवीस मैलांच्या वेगानं निघाले. मागे ओडिसीत मखर, फुलं, मोदकांची भांडी आणि आम्ही सगळे. दर सिग्नलला काका एक बटण दाबत आणि गाडीचे दोन्ही दिवे टपकन वर येऊन सगळीकडे बघून परत खाली जात. रस्त्यावरच्या माणसांनी फोन काढले. एका पिवळ्या स्कूलबसची अख्खी डावी बाजू खिडक्यांना चिकटली. समोरून एक निळी मियाटा आली. तिच्यातल्या पांढऱ्या दाढीच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं पंथाच्या रिवाजाप्रमाणे हात वर केला, शेजारच्या सीटकडे बघितलं आणि हात तसाच जोडला. काकांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की आता तो म्हातारा मराठीत "मोरया" म्हणतो.

मियाटावाले एकमेकांना हात करतात म्हणजे करतातच. हा रिवाज पाळताना काकांना गाडीचं साल, रंग आणि समोरच्याचं एकूण शील एका क्षणात कळतं. टप बंद करून सुंदर उन्हात चाललेल्याला ते हात करतात, पण अर्धाच.

आणि प्रश्न कुठलाही असो, उत्तर मियाटाच, हे पंथाचं बोधवाक्य काका अक्षरशः पाळतात. पुतण्यानं जुळी झाल्यावर कुठली गाडी घेऊ म्हणून विचारलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. "जुळी?" ते म्हणाले. "मग दोन घ्याव्या लागतील."

काकांनाही कधीतरी थकवा येतो. दर वर्षी ऑक्टोबरात, ती तार सीटमागच्या भोकात घालून पाठ धरली, की ते जाहीर करतात, "बस्स. यंदा विकून टाकणार." काकू मान डोलावतात. मग माणसं गाडी बघायला येतात आणि काका ती विकायची नाही यासाठी कारणं शोधतात. एकानं विचारलं, "ऑटोमॅटिक आहे का?" त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. एकानं विचारलं, "टॉप स्पीड किती?" त्याला काकांनी दार उघडून रस्ता दाखवला, आणि तो रस्ता हायवेकडे जात होता. एक माणूस सहा फूट तीन इंच निघाला. असे लोक सीटमधला फोम कापून काढतात आणि खाली बसतात, हे काकांना माहीत होतं. "माझ्या सीटला सुरी लावणार?" ते म्हणाले. ही गाडी कुणाच्या मापानं केलीय हे काका बोलून दाखवत नाहीत, पण त्यात बसल्यावर त्यांचं डोकं नेमकं काचेच्या चौकटीच्या आत राहतं आणि जगात त्यांच्या उंचीबद्दल कुणाची तक्रार नसते.

मागच्या ऑक्टोबरात एक पोरगा आला. विशीतला, कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला. नमस्कार-चमत्कार न करता तो गाडीसमोर गुडघ्यांवर बसला, टॉर्च काढली आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवर मारली.

"चार खाचा," तो म्हणाला. "शॉर्ट नोज."

काकांनी भिंतीचा आधार घेतला. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं नाक आखूड असतं. पुलीचा बोल्ट कुणी नीट कसला नाही तर तिथली खाच झिजून इंजिन कामातून जातं. पुलीवर चार खाचा म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे नंतरचं लांब. काकांनी या बोल्टला गेल्या कैक वर्षांत कुठल्याही मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही. पण स्वतःहून येऊन त्या खाचा मोजणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

पोरानं इंजिन सुरू करायला सांगितलं. वरून टिकटिक आली. "लिफ्टर," पोरगा म्हणाला. "गरम झाल्यावर थांबेल." दोघं हात बांधून टिकटिक ऐकत उभे राहिले. थांबली. दोघांनी माना हलवल्या.

मग पोहे आले, चहा आला, १.६ लिटर इंजिनाची थोरवी आली, बारा निरुपयोगी घोडे आले. जपानात कंपनी स्वतः या पहिल्या अवताराच्या गाड्या परत घेऊन नव्यासारख्या करून देते, २०१७ साली तिनं ते जाहीर केलं आणि बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले, हेही आलं. "आपल्या कंपनीनं रिटायर झाल्यावर आपल्याला साधा फोन तरी केला का?" काकांनी काकूंना विचारलं. अंधार पडला तेव्हा पोरगा एक जादा क्लच सिलिंडर, दोन दिव्यांच्या काचा आणि चिवड्याचा डबा घेऊन निघाला. गाडी विकायचा विषय दोघांपैकी कुणाच्याही लक्षात राहिला नव्हता.

काकांनी त्याला शब्द दिला: तुझ्यासाठी चांगली गाडी मी शोधतो. शोधलीही. नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात एका आजीबाईंची, १९९५ची, पांढरी, एकहाती वापरलेली, पत्र्याला गंज नाही, काचेला घडी नाही. काका, पोरगा आणि मी बघायला गेलो. पोरानं खाली वाकून पुलीवर टॉर्च मारली आणि तसाच उभा राहिला.

"अंकल, वन पॉइंट एट आहे."

"हो, पण बघ तर किती जपलीय..."

"तुम्हीच म्हणालात ना, हे बारा घोडे नुसते भार आहेत म्हणून."

काकांनी त्याला समजावलं. मोठे ब्रेक सांगितले, मजबूत डिफरन्शियल सांगितलं. पोरगा हलला नाही. तो आता काकांपेक्षा कट्टर झाला होता. आजीबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात गाडीची वही होती. तीत पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक ऑइल चेंज पेनानं तारखेसह लिहिलेलं. काकांनी वही चाळली. मग चेकबुक काढलं.

"पार्टसाठी," ते मला परतताना म्हणाले.

घरी काकूंनाही त्यांनी तेच सांगितलं. इंजिन, क्लच, ब्रेक, डिफरन्शियल यांतलं काही या गाडीचं त्या गाडीला नीट बसत नाही, हे काकूंना माहीत होतं. इतकी वर्षं सहावा अध्याय ऐकून त्यांचाही अभ्यास झाला होता. काकांनी दुसरं कारण काढलं. "आणि हे बघ, आता दोन्ही मिळून चार सीटा झाल्या. फॅमिली कारच झाली की!"

काकूंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"अगं, गिअरची आहे."

"माझ्या बाबांची जीप काय बटणावर चालायची?"

काकू कऱ्हाडच्या. वडिलांच्या जीपवर उसाच्या फडातून, चिखलातून गाडी शिकलेल्या. अमेरिकेत आल्यावर सगळ्याच गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे हा विषय कधी निघाला नव्हता. आणि मियाटाची किल्ली मागितली तर काकांना ताप येईल म्हणून त्यांनीही काढला नव्हता.

वसंतात पहिल्या उन्हाच्या रविवारी दोन्ही गाड्या निघाल्या. न्यू जर्सीत घाट नाही. त्यातल्या त्यात वळणाचा म्हणजे लँबर्टव्हिलहून फ्रेंचटाउनकडे डेलावेअर नदीच्या काठानं जाणारा रूट २९. मी काकांच्या शेजारी, बाप्पांच्या सीटवर. पुढे आम्ही, मागे काकू, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. काका मला शिकवत होते: वळणाच्या आधी गिअर खाली, वळणात पाय हलका, बाहेर पडताना दाब. "घोडा आणि स्वार," ते म्हणाले. "कळलं?"

तिसऱ्या-चौथ्या वळणाला आरशात पांढरं काहीतरी मोठं झालं. रस्ता सरळ झाला, मधली रेघ तुटक झाली आणि काकू बाजूनं निघाल्या. पंथाच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी हात केला, पूर्ण. पांढऱ्या गाडीचे दिवे आमच्या बाजूनं जाताना एकदा वर येऊन खाली गेले. मग त्या पुढच्या वळणाआड गेल्या. काकांनी गिअर खाली घेतला, पाय दाबला, एकशेसोळाच्या एकशेसोळा घोड्यांना हाक दिली. वळणं संपली तरी पांढरी गाडी काही दिसली नाही.

फ्रेंचटाउनला काकू नदीकाठच्या बाकावर बसल्या होत्या. टपाची चेन उघडून काच सपाट निजवलेली. हातात कॉफी, अर्धी संपलेली.

काका उतरले, टोपी सारखी केली. "तुझ्यात बारा घोडे जास्त आहेत," ते म्हणाले. "फरक पडणारच."

"अहो, ते तर खायला काळ अन् भुईला भार ना?"

काका काही बोलले नाहीत. कॉफी आणायला निघाले आणि चार पावलांवर माझ्याजवळ थांबून, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी विचारलं, "काय रे, टर्बो बसवला तर किती होतील?"